विशेदादांचं परराष्ट्र खातं

विशेदादांच्या मते जगात देश नव्हतेच. होती ती गावं. काही जवळची, काही लांबची. जर्मनी हे लांबचं गाव, जपान त्याहून लांबचं, आणि सगळ्यात लांबचं मुलुंड. कारण तिथे आमचे शेठ राहायचे आणि तिथून कधी काय निरोप येईल याचा नेम नसायचा.

बाळाराम विशे आमच्या मुरबाडच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते. हजेरी, पाळ्या, रजा हे त्यांचं काम. परदेशी पाहुण्यांशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नव्हता. पण टाइम ऑफिसची खिडकी गेटाला लागून, त्यामुळे येणारा पाहुणा आधी त्यांच्या ताब्यात सापडायचा. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही शिवणयंत्राचे सुटे भाग बनवायचो, आणि परदेशी लोकांना अचानक मुरबाड सापडलं होतं. शेठनी पाहुण्यांसाठी रीतसर नेमलेला माणूस म्हणजे मी. भातसानगरच्या कॉलनीत वाढलेला, धरणावरच्या कारकुनाचा मुलगा, पोस्टाने निर्यात व्यवस्थापनाची पदविका घेतलेला. दादांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "काय रे डिप्लोमा," एवढंच.

दादांचा पोशाख म्हणजे पांढरा हाफ शर्ट, टोपी, आणि खिशाला दोन पेनं. एक लिहायचं, दुसरं पाहुण्यांसाठी. दुसरं लिहीत नसे. परदेशातून फॅक्स येऊ लागला की मशीनची ती किरकिर ऐकून दादा खुर्चीतून उठायचे, टोपी सारखी करायचे आणि कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत उभे राहायचे. "अरे, एवढ्या लांबनं आलाय," म्हणायचे. परदेशी फोनवर तर ते असे ओरडायचे की फोन नसता तरी चाललं असतं.

पाहुणा आला की तीन प्रश्न ठरलेले: लग्न झालं का, पोरं किती, गावाला शेती आहे का. मी हे प्रश्न इंग्रजीत करायला लाजायचो. ते करायला मी लाजतोय हे दादांना कळायचं, मग ते खाणाखुणांनी स्वतःच विचारायचे. लग्नाची खूण ठीक होती. पोरांची खूण बघून एक इटालियन साहेब गाडीत जाऊन बसला होता.

त्यांचं मुख्य शास्त्र मात्र जेवणाचं. "पाहुण्याचं तोंड बघू नको, पान बघ. तोंड खोटं बोलतं, पान बोलत नाय." पाहुणा उठला की दादा त्याच्या ताटाभोवती फेरी मारून यायचे आणि शेठना निकाल सांगायचे. आणि दुसरं शास्त्र तीन नकोंचं. "पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसरं पोटाचं. तिसऱ्याच्या आधी हात आवरलास तर पाहुणा उपाशी उठला समज."

या शास्त्राचा पहिला बळी क्लाउस नावाचा जर्मन. मशीन बसवायला आला आणि महिनाभर राहिला. लोक त्याला कैलाससाहेब म्हणायचे. बिचारा एकदाच "नो" म्हणायचा, कारण त्याच्या गावाला एकदा म्हटलं की पुरतं. दादा प्रत्येक वेळी आणखी एक भाकरी टाकायचे. पहिल्या आठवड्यात त्याचा पट्टा एक भोक पुढे गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने ताटावर हात ठेवून बघितला, तिसऱ्यात ताटावर छाती टेकून बघितली, आणि शेवटी एके दिवशी तो मोठ्याने, शांतपणे, ओळीने तीनदा म्हणाला, "नको. नको. नको."

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिकला रे!"

निरोपाच्या दिवशी क्लाउसने दादांसाठी एक सुंदर जर्मन चाकू आणला. मोठ्या माणसाने लगेच हात पुढे करायचा नसतो, म्हणून दादा म्हणाले, नको. क्लाउसने पुन्हा पुढे केला. दादा म्हणाले, नको कशाला. त्याने तिसऱ्यांदा पुढे केला. दादा मान हलवून म्हणाले, नको हो साहेब. क्लाउसने अत्यंत आदराने चाकू बॅगेत ठेवला, चेन लावली आणि जर्मनीला गेला.

पुढे कित्येक दिवस दादा खिडकीत बसून सुस्कारे टाकत होते. "चौथं नको शिकवायचं राहिलं बघ."

आणि मग जपान आलं.

शेठनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा करून सांगितलं: जपानची ऑर्डर मिळाली तर दुसरी पाळी कायम, नाही मिळाली तर ती मशिनं उचलून सिल्वासाला. दुसऱ्या पाळीतली जवळजवळ सगळी पोरं दादांनी आणलेली होती, किन्हवलीकडची, डोळखांबच्या पाड्यांवरची. भात झोडून झालं की ही घरंच्या घरं वीटभट्टीवर जायची. दादांनी दारोदार जाऊन त्यांच्या आयांना सांगितलं होतं, "गो बाय, पोरगा माझ्या हवाली कर. भट्टीवर धाडू नको." त्या दिवशी कॅन्टीनमधून बाहेर पडताना दादा मला म्हणाले, "डिप्लोमा, मशिनं गेली ना, तर मला किन्हवलीच्या बाजारातून तोंड झाकून जायला लागंल. तेव्हा तुझं ते शिक्षण काय असंल ते आता बाहेर काढ."

मी काढलं. परदेशी रीतिरिवाजांवरच्या एका दिवसाच्या वर्गाला शेठच्या खर्चाने मुंबईला जाऊन आलो. सकाळच्या सत्रात शिकवलं की जपानी माणूस वाकून नमस्कार करतो, तो वाकला की आपणही वाकावं. दुपारचं जेवण फार उत्तम होतं. त्यानंतरच्या सत्रात मला डुलकी लागली. बैठकीत डोळे मिटून बसणाऱ्या जपानी माणसाविषयीची माहिती नेमकी त्या सत्रात होती, असं मला पुढे कळलं.

परत आल्यावर मी गेटापासून ऑफिसपर्यंत सगळ्या कामगारांना दुतर्फा उभं करून वाकायची तालीम दिली. नियम एकच: पाहुणा वाकला की वाकायचं. तानाबेसाहेब गाडीतून उतरले, साठीकडे झुकलेले, बारीक चणीचे, आणि वाकले. आम्ही वाकलो. आम्ही वाकलो म्हणून ते वाकले. ते वाकले म्हणून आम्ही. दोन्ही बाजूंना शिस्त पक्की, थांबायचं कोणी? वॉचमनची टोपी दोनदा पडली. लेथवाला देसले पाठ धरून खाली बसला, त्यालाही साहेबांनी खास वाकून मान दिला.

"अरे थांबवा कोणतरी!" दादा खिडकीतून ओरडले. "पाहुणा आलाय का कवायत चाललीय?" आणि बाहेर येऊन त्यांनी, लग्नात व्याह्याला मांडवात नेतात तसं, साहेबांना कोपराला धरून सरळ आत नेलं. संध्याकाळपर्यंत कारखान्यात त्यांचं नाव तानबासाहेब झालं होतं.

जेवणाची जबाबदारी माझीच. जपानी पदार्थ मुरबाडला कुठून मिळणार? मी डोकं लढवून हायवेवरच्या धाब्यावरून मंच्युरियन आणि नूडल्स मागवले. दादांनी झाकण उघडून वास घेतला.

"हे काय?"

"चायनीज. चीन-जपान शेजारी शेजारीच ना दादा. भाऊबंदच म्हणा."

दादांनी कपाळाला हात लावला. "भाऊबंद असतील तर मग नकोच! भाऊबंदाच्या घरचं कोण सुखानं जेवतो रे?"

उशीर झाला होता. जेवणानंतर दादा ताटाभोवती फेरी मारून आले. "जेवला नाय. नुसता उरकला."

बैठक सुरू झाली. मी तक्ते दाखवत होतो, शेठ घाम पुसत होते, आणि तानबासाहेबांनी डोळे मिटले. मी आवाज उतरवला. डोळे मिटलेलेच. इतक्या लांबचा प्रवास, माणूस दमणारच, असा विचार करून मी शेठना हळूच म्हटलं, "झोपले." आणि त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून उठून ट्यूबलाइट बंद केली.

साहेबांनी अंधारात डोळे उघडले. वीज गेली असं समजून त्यांनी सहानुभूतीने मान लववली, आणि मी आत्तापर्यंत बोललेल्या प्रत्येक वाक्यावर एकेक प्रश्न विचारला. अंधारात मला एकाचंही उत्तर वाचता येईना. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते "विचार करतो" एवढंच म्हणाले. शेठना वाटलं, काम झालं. दादा म्हणाले, "पोरगी बघायला आलेला माणूस 'कळवतो' म्हणाला म्हंजे काय झालं, ते मला सांगायला लावू नका."

तिसऱ्या दिवशी साहेबांना दुसरी पाळी चालू असलेली बघायची होती. आणि दुसऱ्या पाळीत चिटपाखरू नव्हतं. जवळच्या म्हसा गावची जत्रा लागली होती. आमच्या भागात म्हशाची जत्रा म्हणजे बैल, घोंगड्या आणि सगळे पाहुणे-रावळे. रजा मागत नाहीत, जातात. बंद मशिनांच्या रांगेसमोर साहेब उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मेंटेनन्स, सर," मी म्हटलं.

"काय सांगितलंस?" दादांनी विचारलं. मी सांगितलं.

"खोटं बोललास? पाहुण्याच्या तोंडावर? म्हशाला गेलेत म्हण की! त्यांच्या गावाला काय जत्रा नसते? चला म्हणावं, पोरं तिकडंच दाखवतो."

मी चाचरत भाषांतर केलं. तानबासाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. त्यांच्या गावालाही देवाची जत्रा असते आणि त्या दिवशी कोणी कामावर येत नाही, असं ते म्हणाले. शेठ "नको, नको" म्हणत राहिले, पण ती दोनच झाली, आणि आमची जीप म्हशाच्या वाटेला लागली.

जत्रेत दादा घोंगडी बघायला वळले. जाताना बजावून गेले, "पाहुण्याला सोडू नको." मी सोडलं नाही. बैलबाजारात धसईकडचा एक मुंडासंवाला म्हातारा आणि एक गिऱ्हाईक उभे होते. दोघांचे हात एका टॉवेलाखाली, दोघांच्या नजरा भलतीकडे, तोंडातून शब्द नाही. जरा वेळाने गिऱ्हाईक मान हलवून निघून गेलं. साहेबांना फार नवल वाटलं. हे काय, त्यांनी विचारलं.

मी धरणाच्या कॉलनीत वाढलेला. आमच्याकडे जनावर म्हणजे कुत्रा. पण "माहीत नाही" हा शब्द पदविकेत शिकवला नव्हता. मी म्हटलं, "ट्रॅडिशनल ग्रीटिंग, सर. यू कॅन ऑल्सो ट्राय."

साहेबांनी आधी वाकून मग टॉवेलाखाली हात घातला. म्हाताऱ्याने बोटं दाबली. साहेबांनी मान डोलावली. म्हाताऱ्याने आणखी बोटं दाबली. साहेबांनी आणखी आदराने मान डोलावली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरत गेलं. असं न घासणारं गिऱ्हाईक त्याने उभ्या जन्मात बघितलं नसावं. भेट संपली असं वाटून साहेबांनी, त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे, खिशातून कागदात गुंडाळलेला एक रेशमी रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला.

म्हाताऱ्याने तो कपाळाला लावला, शेजारच्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर मूठभर गुलाल मारला आणि ओरडला, "सौदा झाला!"

चारी बाजूंनी दुसरी पाळी धावत आली. "अरे, तानबासाहेबानं बैल घेतला!"

दादा खांद्यावर घोंगडी टाकून गर्दीतून आत शिरले. "काय झालं?"

"काही नाही. साहेबांनी नमस्कार केला."

"टॉवेलाखालनं?" दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मला टॉवेलाखाली जावंसं वाटलं. "टॉवेलाखालनं नमस्कार कोण करतो रे? तुझा बाप करायचा काय धरणावर? अरे, बोटांनी भाव चालला होता तो!"

म्हातारा पुढे झाला. "हे बघ भाऊ, हात दिला, मान हलवली, वर इसार दिला." आणि त्याने रुमाल दाखवला. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून हातावर काहीतरी ठेवतात, तो इसार. रुमालावर बगळ्यांचं फार नाजूक चित्र होतं.

"दादा, चूक झाली म्हणून सांगू, रुमाल परत घेऊ," मी म्हटलं.

"आणि मग? जत्रा म्हणंल, पाहुण्यानं शब्द फिरवला. पाहुणा म्हणंल, ह्यांनी मला फसवलं. मग दोघं एकमेकाचं तोंड तरी बघतील का? आणि तोंड बघितलं नाय तर ऑर्डर काय भिंतीला देणार?" दादा पोरांकडे बघत होते. पोरं बैलाकडे बघत होती. "जे आहे ते सांग त्यांना. सरळ."

मी सांगितलं. "सर, यू हॅव परचेस्ड अ बुल."

तानबासाहेबांनी डोळे मिटले. आता मला अनुभव होता. शिवाय लख्ख ऊन होतं, मालवायला दिवा नव्हता. नाहीतर काही सांगता येत नाही.

डोळे उघडून त्यांनी विचारलं, केवढ्याला? मी म्हाताऱ्याला विचारलं. तो भडकला. "भाव तोंडानं सांगतात काय, चार माणसांत?" म्हणजे साहेबांना आपण काय कबूल केलंय ते कळायला पुन्हा टॉवेलाखाली हात घालणं आलं. त्यांनी घातला. या खेपेला मान डोलावली नाही. एकेक बोट मोजलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला.

तेवढ्यात दादांनी घोंगडी माझ्या अंगावर फेकली आणि आपलाही हात टॉवेलाखाली घातला. "थांबा. ह्यात माझा पण हात. बैल पाहुण्याचा, पाळायचा मी. वाट्यानं."

वाट्याचं जनावर म्हणजे एकाने घ्यायचं, दुसऱ्याने सांभाळायचं, जे काही मिळेल त्यात दोघांचा वाटा. त्या क्षणी माझी पदविका आयुष्यात पहिल्यांदा कामी आली. "जॉइंट व्हेंचर, सर!"

साहेबांनी टॉवेलाखालचा हात न काढता विचारलं: बैल आजारी पडला तर जबाबदारी कोणाची?

"माझ्या गोठ्यात आहे तवर माझी," दादा म्हणाले. "आणि आजारी पडला तर पहिला निरोप ह्यांना. बरा झाल्यावर नाय, पडल्या पडल्या. लपवायचं नाय."

मी भाषांतर केलं. साहेबांनी दादांकडे बघून मान लववली. मग माझ्याकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द निवडून इंग्रजीत म्हणाले, "मघाशी तुम्ही मेंटेनन्स म्हणालात. हे जत्रा म्हणाले."

मी बैलाकडे बघितलं. बैलाने तोंड फिरवलं.

"माल उशिरा निघाला," साहेब म्हणाले, "तर मला यांनी कळवायचं. असं असेल तर ऑर्डर देतो."

मी मराठीत सांगितलं तेव्हा दुसऱ्या पाळीने असा गलका केला की शेजारच्या दोन बैलांनी दावी तोडली. दादांनी टोपी सारखी केली, खिशातलं न लिहिणारं पेन काढलं, आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिलं. साहेबांनी एकदाही नको म्हटलं नाही.

मशिनं सिल्वासाला गेली नाहीत. मुरबाडच्या आमच्या कारखान्याचा पहिला परदेशी संयुक्त प्रकल्प किन्हवलीच्या गोठ्यात सुरू झाला, त्याचं नाव जपान्या. दर आठवड्याला दादा फॅक्स मशीनसमोर उभे राहून मला मजकूर सांगायचे. "आधी बैलाचं लिही, मग मालाचं. बैल ठणठणीत. एक मशीन बंद. माल चार दिवस उशिरा, लपवत नाय. आमच्या हिला गुडघेदुखी. तुमच्या हिचं कसं?" तिकडूनही त्याच क्रमाने उत्तर यायचं. एकदा मुलुंडच्या ऑफिसने बैलाचा मजकूर अशोभनीय म्हणून गाळला. माल वेळेवर होता, बाकी सगळं छान होतं. तासाभरात जपानहून फोन: बैल गेला का? काय झालं? आम्हाला का नाही सांगितलं? शेठना स्वतः किन्हवलीला जाऊन बैलाचा फोटो काढून पाठवावा लागला. फोटोत शेठ जास्त घाबरलेले दिसतात.

दादा निवृत्त झाले. मीही पुढे भिवंडीच्या एका गोदामात लागलो, तिथे पाहुणे येत नाहीत. मग दोन हजारच्या दशकातल्या एका जुलैत निरोप आला की तानबासाहेब आलेत. तेही निवृत्त झाले होते. ना ऑर्डर, ना कंपनी, स्वतःच्या खर्चाने आले होते. भाषांतराला मी लागणारच, म्हणून इस्त्रीचे कपडे घालून किन्हवली गाठली.

दोघं शेतात होते. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरली, हातात भाताच्या रोपांच्या जुड्या. साहेबही भातशेतीवाल्यांच्या घरातले, हे मला त्या दिवशी कळलं. ते एकेका ठिकाणी मोजून दोन-तीन काड्या लावायचे, दोरी लावल्यासारख्या सरळ रेषेत, आणि मध्ये ऐसपैस जागा सोडायचे. दादा चांगली मूठभर रोपं खोचायचे, जवळ जवळ, हात जाईल तिकडे. दादांची पाठ वळली की साहेब त्यांची रोपं उपटून वेगळी करून लावायचे. साहेब पुढे सरकले की दादा मागच्या मोकळ्या जागा भरून काढायचे. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला पत्ता नाही. तोंडाने दोघं अखंड बोलत होते, एक किन्हवलीचं, एक जपानी, आणि मध्येच दोघंही हसत होते.

रस्त्यावरून मुरबाडला जाणारी दुसऱ्या पाळीची बस वेग कमी करून थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "ओ दादा! पाहुण्याला पण कामाला लावलात काय?"

"तुमी टायमात जा रे!" दादा ओरडले. "खाडा लागंल!"

बस गेली. मला वाटलं, या दोघांत कोणीतरी मध्यस्थी करायला हवी. हा तर सरळ सरळ दोन संस्कृतींचा प्रश्न होता. मी पँट दुमडली, बूट काढले, एक जुडी उचलली आणि मधल्या पट्ट्यात उतरून, दोघांचाही मान राहील अशा बेताने, रोपं लावायला लागलो. चार-पाच लावली असतील.

दादांनी वाकून बघितलं. साहेबांनी वाकून बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच वेळी, एकाच सुरात, दोन भाषांतून माझ्यावर ओरडून बांधाकडे बोट दाखवलं.

मी निमूट बांधावर जाऊन बसलो. दोघं माझी रोपं उपटत होते.